ठकीचं रक्त, नाटकगृहाची दारं

९ जानेवारी

बायकोने ही डायरी हातात दिली आणि म्हणाली, "हे घे. आता माझं डोकं खाऊ नकोस. जी काही कटकट करायचीय ती हिच्याशी कर." तिच्या ऑफिसात वर्षाच्या सुरुवातीला फुकट वाटतात, त्यातली आहे. प्रत्येक पानावर वरती सुविचार छापलाय. आजचा सुविचार : संयम हे यशाचे पहिले पाऊल. उघडल्या उघडल्या डायरीने मला टोमणा मारला.

तर कटकट अशी. ठकीच्या शाळेतल्या बाईंनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, पोरगी वर्गात पेंगते, मैदानावर सोडली तर भिंतीला टेकून बसून राहते. पाच वर्षांच्या पोरीने उंडारायचं सोडून भिंतीला टेकून बसायचं म्हणजे काय? मी म्हटलं, तुमच्या वर्गात मलाही झोप आली असती. बायकोने टेबलाखालून पाय दाबला.

मग लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी ठकीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं दाबून पाहिली, आणि म्हणाल्या, "रक्त कमी आहे. पण कमी का आहे, ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही." मी म्हटलं, कमी आहे तर वाढवायचं औषध द्या, त्यात तपासायचं काय? तर त्यांनी मला शाळकरी पोरासारखं समजावलं. रक्त कमी होण्याचे म्हणे बरेच प्रकार. लोह कमी पडलं तर रक्तातल्या पेशी बारीक आणि फिकट होतात. काही जीवनसत्त्वं कमी पडली तर पेशी उलट मोठ्या होतात. काहींत पेशी मुळातच वेडीवाकडी असते आणि ते आई-बापाकडून आलेलं असतं. काहींत पेशी बनते बरी, पण लवकर फुटते. मी म्हटलं, बाई, मी दारांचा माणूस. दार अडकतंय म्हटलं की मी रंधा मारतो. त्या म्हणाल्या, "दार बिजागरीमुळे अडकतंय की लाकूड फुगल्यामुळे, ते न बघताच मारता?"

उत्तर घरी आल्यावर सुचलं, पण तोवर उशीर झाला होता.

१२ जानेवारी

रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ८.२. ते साडेअकराच्या वर हवं. पेशी बारीक, फिकट. शरीरातला लोहाचा साठा तळाला गेलेला. म्हणजे लोह कमी, संपला विषय. हे मी न तपासताच सांगितलं असतं.

मग डॉक्टरीणबाईंनी प्रश्नांची सरबत्ती लावली. जंत झाले होते का? चहा पिते का? माती, खडू, असलं काही खाते का? घराला एवढ्यात रंग दिलाय का, घरातले जुने रंग निघतायत का?

याचं उत्तर मी छाती फुगवून दिलं. माझ्या घरात रंगाचा एक थेंब नाही. दारं, खिडक्या, कपाटं, सगळं उघडं लाकूड, वर तेलाचा हात. भिंतींना साधा चुना. रंग लावणं म्हणजे लाकडाच्या तोंडावर चिखल थापणं, हे माझं पहिल्यापासूनचं मत. बाईंनी "बरं" म्हणून कागदावर फुली मारली आणि लोहाचं औषध लिहून दिलं.

२० जानेवारी

लोहाचं औषध पाजणं म्हणजे मांजरीला आंघोळ घालणं. अर्धं पोटात, अर्धं माझ्या शर्टावर. दात काळे, शी काळी. आणि बायको म्हणते, "तू ओरडतोस म्हणून ती तोंड घट्ट मिटते." मी ओरडत नाही. माझा आवाजच मोठा आहे.

त्यात सासूबाई आलेल्या. नातीची तब्येत बरी नाही म्हणून आल्या, ते ठीक. पण या बाईला हात धुवायचं वेड आहे. ठकी शाळेतून आली, धू हात. जेवायच्या आधी धू, नंतर धू. मागच्या शेडमध्ये माझ्याकडे नुसती डोकावली तरी धू, तेही कोपरापर्यंत, ब्रशने नखं घासून. आणि रोज नखांची तपासणी. पोर हात पुढे करून उभी, या चष्मा लावून एकेक नख बघणार, आणि मग निकाल : "पास." किंवा "नापास, परत जा." घर आहे की परीक्षा केंद्र?

आज तर कहर झाला. माझे कामाचे कपडे त्यांनी घरच्या धुण्यातून काढून अंगणात वेगळ्या बादलीत टाकले. मी विचारलं, माझे कपडे म्हणजे काय मेलेलं जनावर आहे का? त्या शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, तुमच्या शर्टातून मूठभर भुगा निघतो. पोरीच्या फ्रॉकबरोबर कशाला?" नाकापेक्षा मोती जड. माझ्याच घरात माझा शर्ट अस्पृश्य.

४ फेब्रुवारी

नाटकगृहाची दारं आली. डायरी बाई, तुला सांगतो, असं काम आयुष्यात एकदाच येतं. जुनं नाटकगृह पुन्हा उभं करतायत आणि सगळी दारं माझ्याकडे. जाडजूड सागवान, वर कोरीव वेली, आणि त्यावर कुणीकुणी थापलेला रंग. मोजला, सात थर. वर हिरवा, खाली पिवळा, मग तीनदा निळा, मग कसलासा मातकट, आणि सगळ्यात खाली घट्ट, जड पांढरा. हल्ली असा रंग मिळत नाही. ज्योत मारली की वरचे थर फुगतात, पत्तीने सरसर निघतात. हा खालचा पांढरा मात्र हटेना. तो जाळून, घासूनच काढावा लागतो. शेडभर पांढरी भुकटी उडते आणि संध्याकाळी मी आरशात पाहिलं तर नाटकातलाच कुणी राजा दिसतो.

पण रंगाखालून वेल बाहेर येते तेव्हा जी मजा असते, ती कुणाला सांगून कळायची नाही.

डोकं मात्र दुखतंय. सासूबाई दिवसभर रेडिओ लावतात.

१४ फेब्रुवारी

हिमोग्लोबिन ९.४. डॉक्टरीणबाई खूश, बायको खूश. ठकी आज अंगणात धावली, पडली, भोकाड पसरलं. मला तिचं ते रडणंसुद्धा इतकं आवडलं की मी जाऊन उचलून फिरवलं. सासूबाई मागून ओरडल्या, "आधी अंग धुवा."

एक क्षण आनंदाचा म्हणून मिळू देत नाहीत.

१९ फेब्रुवारी

आज चोर सापडला. दुपारी पाणी प्यायला घरात आलो तर सासूबाई ठकीला बशीतून चहा पाजतायत. वर बिस्किट. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की चहा लोहाला पोटात मुरू देत नाही. मी जो भडकलो, ते मलाच आठवत नाही काय काय बोललो. "हात धुवायला लावता आणि आतून पोरीला विष पाजता," असं बोललो, ते आठवतंय. सासूबाईंनी बशी खाली ठेवली. म्हणाल्या, "दोन घोट होते. चुकलं माझं." आणि पिशवी भरायला लागल्या. गावातच, नदीपलीकडे घर त्यांचं. कुणी थांबवलं नाही. मी तर नाहीच.

बायको ऑफिसातून आली आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाही. भाजीत मीठ नव्हतं. तेही मुद्दाम.

२६ फेब्रुवारी

आता शाळा सुटल्यावर ठकी शेडमध्ये माझ्यापाशी असते. बायको सहाला येते, तोवर दुसरं कोण आहे? आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटतं. कुणाची कटकट नाही. कोपऱ्यात तिला फळ्यांचं घर करून दिलंय, तिथे तिची भातुकली. रंगाचे पापुद्रे गोळा करून पत्र्याच्या डबीत भरते. हिरवे म्हणजे भाजी, पिवळे म्हणजे वरण, पांढरे म्हणजे साखर. मला पाट मांडून वाढते. मी खोटं खोटं खातो, मिशीला हात पुसतो, ढेकर देतो. ती इतकं खऱ्यासारखं खाते, चावते काय, बोटं चाटते काय, की मी म्हटलं, नाटकगृहवाल्यांनी हिलाच ठेवून घ्यावी. "कसा झालाय स्वयंपाक?" विचारलं तर म्हणते, "गोड झालंय, बाबा. साखर जास्त पडली."

हात धुवायची आठवण कधी राहते, कधी नाही. आम्ही दोघं एका पक्षाचे.

१५ मार्च

८.३.

लोहाचं औषध एक दिवस चुकवलं नाही. चहा बंद. ज्यांच्यावर संशय त्या घरातून गेल्या. आणि आकडा खाली. मी डॉक्टरीणबाईंसमोर टेबलावर हात आपटला. म्हटलं, तुमच्या प्रयोगशाळेत रक्त मोजतात की अंदाजपंचे? त्या म्हणाल्या, "दुसरीकडे तपासून घ्या, माझी हरकत नाही." घेतलं. दुसरीकडे ८.२. पैसे जास्त घेऊन एक दशांश कमी दिला.

बाईंचं म्हणणं असं, की लोहाचा साठा आता भरलाय. औषध पोटात गेलंय, मुरलंय. पण पेशी तरीही बारीक आणि फिकट. "माल गोदामात आलाय," त्या म्हणाल्या, "पण कारखाना तो वापरत नाहीये. का वापरत नाही, ते शोधायचं." आता हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून बघणारी एक तपासणी. आई-बापाकडून आलेला रक्ताचा दोष त्यात दिसतो.

आई-बापाकडून म्हटल्यावर परतीच्या रिक्षात जी जुंपली. मी म्हटलं, माझ्या घराण्यात सगळे लालबुंद. ती म्हणाली, "लालबुंद नाही, रागीट. त्यात फरक आहे." मी तिच्या मामाचा विषय काढला, जो कायम पिवळट दिसायचा. ती म्हणाली, मामा पिवळट दिसायचा कारण तो उधारीची दारू प्यायचा. रिक्षावाला आरशातून बघून हसत होता. ठकी मधे बसून झोपली होती. घर आलं तरी उठली नाही, उचलून आणावी लागली. पूर्वी उचलली की पाय झाडायची.

२२ मार्च

घराण्यांची अब्रू वाचली. तपासणी स्वच्छ. दोन्हीकडचं रक्त निर्दोष. म्हणजे एवढं भांडून काही हाती लागलं नाही. बायको म्हणते, निदान मामावरचा आरोप मागे घे. घेतला.

मोठ्या पेशींचा प्रकार तर नाहीच, कारण पेशी बारीक. फुटणाऱ्या पेशींचाही नाही. शी तपासली, जंत नाहीत, कुठून रक्त जात नाही. एवढीशी डबी घेऊन मी रांगेत उभा होतो, पुढचा माणूस म्हणाला, "मध आहे का?" मी त्याला जे उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही, वर सुविचार छापलाय.

ठकीचं पोट दुखतं आता. शी होत नाही, रडते. परवा तिला "बिजागरी" शब्द आठवेना. तीन वर्षांची होती तेव्हापासून म्हणते तो शब्द. "बाबा, ते... दाराचं कोपर," म्हणाली. मी हसलो, मग बिजागरीवर बोट ठेवून तो शब्द पुन्हा सांगितला.

पोट माझंही दुखतंय, बायकोच्या स्वयंपाकाने. डोकंही. आज हातोडी दोनदा हातातून सुटली. दांडाच बेकार, नवीन बसवला. तिसऱ्यांदा नवीन दांड्यासकट सुटली. हल्ली एक वस्तू धड मिळत नाही.

२९ मार्च

आज सगळं लिहितो. हळूहळू लिहितो.

डॉक्टरीणबाईंनी ठकीला पुन्हा बोलावलं. म्हणाल्या, "प्रयोगशाळेच्या मोठ्या डॉक्टरांशी बोलले. त्यांना स्वतः रक्त बघायचंय. बोटातून, ताजं." मी वैतागलो. आजवर नळ्याच्या नळ्या भरून रक्त नेलंत ते काय लोणचं घालायला? पोरीच्या अंगात आधीच रक्त नाही, त्यात हे आणखी टोचणार.

डॉक्टरीणबाईच आम्हाला प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. तिथले डॉक्टर म्हातारे, ढिल्या स्वेटरमधले. भांडायच्या लायकीचे नाहीत, कारण माणूस चिडतच नाही. म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. पण नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं. त्या औषधात रक्त तासन्‌तास पडून राहिलं की पेशीतली काही चिन्हं पुसट होतात. तुमचं रक्त दर वेळी संध्याकाळच्या गाडीने इकडे यायचं आणि मी दुसऱ्या दिवशी बघायचो. ही आमची चूक." चूक कबूल करणारा डॉक्टर मी प्रथमच पाहिला.

त्यांनी ठकीचं बोट आधी साबणाने धुवायला लावलं. मग पुन्हा धुवायला लावलं. मला सासूबाई आठवल्या. टोचलं, थेंब सरळ काचेवर घेतला, पसरवला, रंगद्रव्य ओतलं. ठकी रडली नाही. तेच मला आवडलं नाही.

बराच वेळ ते सूक्ष्मदर्शकात बघत बसले. मग डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी बघितलं. मग मला म्हणाले, "या, तुम्हीही बघा." फिकट गोल चकत्या. त्यांतल्या काहींत निळे बारीक ठिपके, कुणी निळ्या शाईत ब्रश बुडवून झटकल्यासारखे.

"घरात रंगकाम नाही, असं तुम्ही म्हणाला होतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"नाहीच आहे."

"दारांचं म्हणजे नेमकं काय काम करता तुम्ही?"

"जुनी दारं-खिडक्या नव्या करतो."

"म्हणजे रंग देता?"

"छे. आम्ही रंग लावत नाही," मी म्हणालो, आणि त्यातही मला अभिमानच वाटत होता, "काढतो."

मग म्हाताऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "किती जुने रंग?" मी सांगितलं, नाटकगृह, सात थर, खालचा पांढरा जड. "कसा काढता?" जाळून, घासून. "पोरगी कुठे असते तेव्हा?"

"माझ्यापाशी," मी म्हणालो.

त्यांनी सांगितलं ते असं. जुन्या रंगांत शिसं असतं. त्या पांढऱ्यात तर सगळ्यात जास्त. जाळलं, घासलं की हवेत, कपड्यांवर, हातांवर. मुलांच्या पोटात गेलं की रक्त बनवणारा कारखानाच ते बंद पाडतं, मग गोदामात कितीही लोह असो. आधी लोह कमी असलेल्या पोरीच्या अंगात तर ते दुप्पट वेगाने भिनतं. आणि ते फक्त रक्तात थांबत नाही, डोक्यातही जातं. मी म्हटलं, अहो, मी तीस वर्षं हे करतोय, मला काय झालं? डॉक्टरीणबाईंनी नुसतं विचारलं, "ती तोंडात घालते का ते पापुद्रे? मुलं घालतात. त्याची चव गोडसर असते."

गोड झालंय, बाबा. साखर जास्त पडली.

मी पाटावर बसून ढेकर देत होतो.

२ एप्रिल

ठकीच्या नसेतून रक्त घेऊन शिसं मोजलं. आकडा इतका आहे की तिला दवाखान्यात ठेवून घेतलंय. शिसं बांधून लघवीतून बाहेर काढायच्या गोळ्या आहेत, त्यांना सडक्या अंड्याचा वास येतो. पहिली गोळी तिने माझ्या अंगावरच थुंकली. मी ओरडलो नाही.

माझंही मोजलं. माझा आकडा तिच्याहून मोठा. पोटदुखी, डोकेदुखी, हातातून हातोडी सुटणं, सगळं त्याच्या नावावर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चिडचिडही होते यात. फार." बायको इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "सगळी त्यातलीच का हो, डॉक्टर? की थोडी मूळची?" डॉक्टर म्हणाल्या, "सहा महिन्यांनी कळेल." दोघी हसल्या. मग बायको हसता हसता रडायला लागली, आणि मी काय करावं ते न कळून पाण्याची बाटली उघडून तिच्यापुढे धरली.

मी विचारलं, तिचं डोकं... म्हणजे शब्द वगैरे, परत येईल ना? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्त नक्की सुधारेल. बाकीचं आपण बघत राहू." या बाई उगाच गोड बोलत नाहीत, म्हणून मी त्यांच्यावर इतके दिवस चिडत होतो. आज वाटलं, उगाच बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेड बंद. डबी फेकली. ठकीने विचारलं, माझी डबी कुठेय? सांगितलं. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

६ एप्रिल

दवाखान्यातून सोडल्यावर ठकीला त्या घरात न्यायचं नाही, असं बजावलंय. सगळं घर ओल्या फडक्याने पुसून निघेपर्यंत, शेड दूर हलवेपर्यंत. म्हणजे एकच घर उरलं. नदीपलीकडचं.

बायको म्हणाली, "मी बोलते आईशी." मी म्हटलं, नाही, मीच जातो. नवा शर्ट घातला. वाटेत भाषण तयार केलं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, असं काहीतरी त्यात होतं. दार सासूबाईंनीच उघडलं आणि भाषण विसरलो. म्हटलं, "आई, तुम्ही विष पाजता असं मी म्हणालो होतो. विष माझ्या शर्टात होतं."

त्या दारातून बाजूला झाल्या. मग म्हणाल्या, "आत या. उन्हात उभे राहू नका."

पाणी दिलं. मी म्हटलं, तुम्हाला कळलं होतं, तुम्ही बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या, "मला काय शिसं कळतंय? घाण ती घाण. मला वाटलं, घाणच आहे. एवढं माहीत असतं तर मी गेले असते का घर सोडून? तुमच्या उरावर बसले असते." असं म्हणून त्यांनी पदराने डोळे पुसले, आणि लगेच म्हणाल्या, "चहाचं मात्र माझंच चुकलं होतं. ते तुम्ही विसरू नका." भांडणातही हिशेब चोख.

१८ एप्रिल

घर तीनदा पुसलं. दारांच्या फटींतून, गाद्यांखालून, ठकीच्या बाहुलीच्या केसांतून भुकटी निघते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मी तर कळसा काखेत घेऊन सगळ्या प्रयोगशाळा पालथ्या घातल्या.

शेड गावाबाहेर नेली. आता जाळायचं नाही, कोरडं घासायचं नाही. पाणी मारून, ओलं ठेवून, तोंडाला जाळी लावून खरवडायचं. दिवसाला एवढंसं दार होतं. नाटकगृहवाला फोनवर ओरडला, पडदा कधी उघडायचा आम्ही? मी त्याला शिसं समजावलं. तो म्हणाला, तुम्ही फार वाचायला लागलात.

मग मनात आलं, पलीकडच्या गल्लीतला दारवाला माझ्यासारखंच काम करतो, त्याला दोन लहान पोरं. गेलो. सगळं सांगितलं. पोरांचं रक्त तपासून घे म्हटलं, आणि काम काय करतोस ते डॉक्टरांना सांग, ते आपणहून विचारत नाहीत. तो ज्योत बाजूला धरून ऐकत होता. मग म्हणाला, "अहो, मी वीस वर्षं हे करतोय, मला काय झालं?"

त्याला हाणावंसं वाटलं. त्याची धाकटी भुकटीत बोटाने चित्र काढत होती. मी तिला उचलून अंगणात नेऊन ठेवलं आणि नळाखाली तिचे हात धुतले. तो बघत राहिला. उद्या पुन्हा जाणार आहे. परवाही जाईन. कटकट करण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही.

५ मे

९.९. शिसं निम्म्यावर. अजून गोळ्या आहेत, अजून टोचणं आहे, डॉक्टरीणबाई म्हणतात, वर्षभर आपली गाठ आहे. मी म्हटलं, बरं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "बरं" माझ्या तोंडून ऐकायची सवय नाही त्यांना.

संध्याकाळी शेडवरच आंघोळ केली, कपडे बदलले, तिथले बूट तिथेच ठेवले आणि नदीपलीकडे गेलो. इतके दिवस मी गेलो की ठकी लांबूनच बघायची. मी जवळ घेत नव्हतो ना. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, सवयीने मिठी मारू नका, आधी धुवा. पण पोरीला काय कळणार? परवा बायकोला विचारलं म्हणे, "बाबा डबीमुळे रागावलाय का?"

आज दारातच उभी होती. दोन्ही हात पाठीमागे बांधलेले, उंबऱ्याच्या आत. मी गुडघ्यावर बसलो. म्हटलं, "ये."

आली नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, "आधी हात दाखव."

मी दाखवले. तिने माझा पंजा धरला, नाकाजवळ नेला, एकेक नख बघायला लागली. सासूबाई आतून ओट्याशी उभ्या राहून ऐकत होत्या. ठकी डाव्या अंगठ्यापाशी थांबली. नखाच्या कोपऱ्यात पांढरी रेघ होती, केसाएवढी.

"बाबा, हे बघ. दारं वेगळी... दारांची बिजागरी वेगळी करताना लागलं असेल," ती म्हणाली.

बिजागरी म्हणाली.

मग तिने माझा हात सोडला आणि आजीसारखा चेहरा करून सांगितलं, "नापास. परत जा."

मी उठलो आणि अंगणातल्या नळावर जाऊन पुन्हा हात धुवायला बसलो.